शिराळकर बाईंचा जिना

"दहा वर्षं टिकेल असं दाखव, आणि भाव एकदाच सांग."

मी मान खाली घालून गादीला टाके घालत होते. वर बघायची गरजच नव्हती. मिरजेतल्या आमच्या शाळेत सहा वर्षं हा आवाज वर्गात शिरला की मी वहीत डोकं खुपसायचे. शिराळकर बाई. गणित.

सुई गादीत तशीच टोचून मी उभी राहिले.

"तू नदाफ ना? जुबेदा. दहावी ब, खिडकीकडचा बाक."

"हो, बाई."

"दोनदा बसलीस गणिताला."

"तीनदा, बाई."

"तिसऱ्या वेळेला किती पडले?"

"एकतीस."

"अरेरे. चार मार्कांनी गेलं," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच हळहळ दिसली. मला वाटलं होतं त्या रागावतील. मग त्यांनी पिशवीतून हातभर कापडाचा तुकडा काढून फळीवर ठेवला. "मला जिन्यावर गालिचा घालायचाय. सांगलीत एका मोठ्या दुकानात हा नमुना दिला. लोकर आहे म्हणाला. नव्वद रुपये फूट. तुमच्याकडे काय आहे?"

ही एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. आमचं दुकान गाद्या-उशांचं, पण अब्बांनी तरुणपणी पुण्यातल्या हॉटेलांत गालिचे बसवायचं काम केलं होतं आणि मिरजेत तसं काम येणारा दुसरा माणूस नव्हता. वर्षातून पाच-सात कामं यायची, कधी डॉक्टरांच्या बंगल्यात, कधी लॉजमध्ये. ती अब्बा स्वतः करायचे. मी दुकानात बसून मापं लिहायची, कापड कापायची, कडा शिवायची. लोकांच्या घरी जाऊन गुडघ्यावर बसायचं आणि हातोडा मारायचा, हे पोरीचं काम नाही असं त्यांचं ठाम मत होतं. त्यावर आमची चार-पाच भांडणं होऊन गेली होती आणि सगळी मी हरले होते.

आणि नेमके त्या आठवड्यात अब्बा लूनावरून पडले. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. आतल्या खोलीत खाटेवर पडून ते आमचं बोलणं ऐकत होते. लोकर हा शब्द ऐकल्यावर त्यांना राहवलं नाही. बाहेर आले, बाईंना सलाम केला आणि डाव्या हातानं तो नमुना उचलला.

"जुबी, वाकवून दाखव बाईंना."

मी तुकडा उलटा दुमडला. वरची लव फाकली आणि खालचं तागाचं विणकाम उघडं पडलं, टक्कल दिसावं तसं.

"पायरीच्या कडेवर गालिचा असाच वाकतो," अब्बा म्हणाले. "तिथं अशी लव फाकली की दोन वर्षांत कड उघडी. आता एक धागा जाळ."

मी कात्रीनं धागा काढून काडी लावली. धागा आकसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. मग आमच्याकडच्या मरून गालिच्याच्या गुंडाळीतला एक धागा जाळला. केस जळल्यासारखा वास सुटला आणि बोटांत चुरगळल्यावर राख झाली.

बाईंनी दोन्ही वास घेतले. मणी नखानं दाबून बघितला.

"म्हणजे हे लोकर नाहीच."

"नायलॉन आहे. नायलॉनही वाईट नसतं, बाई, दाट असलं तर. पण हे विरळ आहे. याला पन्नासच्या वर देऊ नका."

"आणि तुमचं?"

"एकशे वीस रुपये फूट. खाली घालायचा जाड फेल्ट आणि बसवणं त्यातच. कमी होणार नाही. एकदाच सांगा म्हणालात ना?"

बाईंनी अब्बांकडे पाहिलं, मग गुंडाळीकडे. गालिचा वाकवला, धागा न् धागा तपासावा तसा बघितला. लव जागची हलली नाही. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण काम शुक्रवारी सकाळी अकराच्या आत पुरं झालं पाहिजे. आणि घसरता कामा नये. काठी टेकली तरी घसरता कामा नये. माझा हिशोब तयार आहे. तेवीस फूट लागेल."

तो सोमवार होता.

अब्बांनी कोल्हापूरच्या एका ओळखीच्या कारागिराला फोन केला. तो गुरुवारी येतो म्हणाला. मला फक्त माप घ्यायला पाठवलं.

बाई ब्राह्मणपुरीत राहायच्या. खाली त्यांच्या भावाची जागा कुलपात, वर बाई एकट्या. मधे सागवानी जिना, सोळा पायऱ्यांचा. इतकी वर्षं तेलपाणी करून तो असा गुळगुळीत झाला होता की माझाच पाय एकदा सरकला. बाई मात्र वर-खाली अशा करत होत्या की एकसष्टीच्या बाईला गालिचा कशाला हवा हे मला कळेना. काठी तर घरात कुठंच दिसली नाही.

तेरा पायऱ्या सरळ होत्या. वर जाऊन जिना भिंतीशी वळत होता आणि तिथल्या तीन पायऱ्या पाचरीसारख्या होत्या, आतल्या बाजूला चार बोटं आणि बाहेरच्या बाजूला हातभर. मी मापं घेतली, वहीत लिहिली, पुन्हा घेतली.

"बाई, तेवीस नाही पुरणार."

बाई वरच्या दारात उभ्या होत्या. "का नाही? पायरीची रुंदी नऊ इंच, उंची आठ. सतरा. सोळा गुणिले सतरा किती?"

"दोनशे बहात्तर," मी म्हटलं.

"म्हणजे बावीस फूट आठ इंच. तेवीस घेतले. कुठं चुकलं?"

पुन्हा दहावीच्या बाकावर असल्यासारखे माझे कान तापले. वाटलं, जाऊ दे, अब्बाच सांगतील. पण कारागीर गुरुवारी येऊन गालिचा कमी पडला तर काय करणार होतो? मी टेप वळणावरच्या पहिल्या पायरीच्या बाहेरच्या कडेला लावला.

"बाई, तुम्ही मधून माप घेतलंत. गालिचा सत्तावीस इंच रुंद आहे. वळणावर त्याची बाहेरची कड जास्त फिरते. इथं रुंदी वीस इंच भरते. वीस आणि आठ, अठ्ठावीस. अशा तीन पायऱ्या, चौऱ्याऐंशी. सरळ तेरा पायऱ्यांचे दोनशे एकवीस. दोन्ही मिळून तीनशे पाच इंच. पंचवीस फूट पाच इंच."

"आणि आतल्या बाजूला जास्तीचं झालं त्याचं काय?"

"ते कापायचं नाही. घडी करून उभ्या फळीवर मारायचं. वर आणखी दीड फूट घ्यायचा आणि वरच्या टोकाला दुमडून ठेवायचा. पाच-सहा वर्षांनी कडा झिजल्या की गालिचा तेवढा खाली सरकवायचा, झिजलेलं उभ्या भागावर जातं. अब्बा तसंच करतात. सत्तावीस फूट लागेल, बाई."

बाई खाली आल्या, माझ्या हातातून टेप घेतला, तिन्ही पाचरी स्वतः मोजल्या. ओठ हलत होते. मग तिथंच पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. शाळेत मी त्यांना कधी हसताना पाहिलंच नव्हतं. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"चौतीस वर्षं भूमिती शिकवली मी, जुबेदा. आणि जिन्याला वळण आहे हेच विसरले! चूक झाली. माझी चूक." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सत्तावीस फूट. लिही."

त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षा केली नाही. उड्या मारत चालत गेले म्हटलं तरी चालेल.

गुरुवारी सकाळी नऊला कोल्हापूरहून फोन आला. कारागिराच्या घरी कुणी तरी आजारी होतं, तो येऊ शकत नव्हता. अब्बा त्या वेळी प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेले होते. दुकानात मी एकटी. गुंडाळी फळीला टेकून उभी होती, फेल्टचे सोळा तुकडे कापून तयार होते, आणि बाईंना शब्द दिलेला होता.

मी पाटीवर खडूनं 'बाईंकडे गेले' असं लिहिलं. अब्बांची हत्यारांची पिशवी घेतली आणि सामान रिक्षात घातलं.

बाईंनी दार उघडून माझ्या मागे बघितलं. "कारागीर?"

"मीच आहे, बाई."

"बसवलायस कधी?"

"नाही. पण बघितलंय खूप."

बाईंनी दार पुरतं उघडलं. "चहा आधी घेतेस की नंतर?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी खडूचं सूत ताणून जिन्याच्या मधोमध रेघ मारली. प्रत्येक पायरीवर फेल्ट ठोकला, कडेवरून दोन बोटं खाली दुमडून. मग वरून सुरुवात केली. दीड फूट दुमडून ठेवला आणि वळणाच्या पाचरींवर आले. घडी घालायची, बोथट पटाशीनं कोपऱ्यात दाबायची, तोंडात धरलेल्या चुकांतली, म्हणजे बारीक खिळ्यांतली, एक काढून ठोकायची. पहिली घडी तीनदा उसवली. दुसरी एकदाच. तिसरी पहिल्या फटक्यात बसली आणि मी एकटीच मोठ्यानं "वा!" म्हणाले. एकदा अंगठ्यावर हातोडा बसला. बाई वरच्या पायरीवर बसून मला चुका पुरवत होत्या आणि प्रत्येक पायरीला मोठ्यानं आकडा म्हणत होत्या. "चार... पाच..."

पाचवी पायरी संपली तेव्हा खालचं दार वाजलं. अब्बा.

ते जिन्याच्या तळाशी उभे राहिले. गळ्यात अडकवलेला हात, कपाळावर घाम. चालत आले असणार. माझ्या तोंडात चुका होत्या, त्यामुळे मला बोलताही येईना. बाईंनी काही तरी बोलायला तोंड उघडलं, पण अब्बांनी मान हलवून त्यांना थांबवलं आणि एक-एक पायरी चढून वर आले. वाकले. डाव्या हाताचा तळवा गालिच्यावरून वरून खाली फिरवला, मग खालून वर.

आता ओरडणार, असं वाटून मी डोळे मिटले.

"लव उलटी आहे," अब्बा म्हणाले.

मी डोळे उघडले.

"लव खाली झुकली पाहिजे, बेटा. वर झुकली की चढणाऱ्याचा पाय अडतो आणि कडेवर लवकर झिजते. हात फिरवून बघ."

मी हात फिरवला. खरंच होतं. घाईत गुंडाळीचं उलटं टोक वर आलं होतं. पाच पायऱ्यांची मेहनत, तीन पाचरी, त्या सगळ्या घड्या. माझा चेहरा पडला.

"पाचरी कुणी शिकवल्या?"

"तुमच्याकडेच बघितल्या."

"घड्या चांगल्या पडल्यात," ते म्हणाले, आणि खालच्या पायरीवर बसकण मारली. "काढ सगळं. अजून साडेअकराच झालेत. आणि चुका तोंडात धरू नको, मी देतो."

मग जे काम झालं त्याची मजा मी कुणाला सांगू? अब्बा डाव्या हातानं चुका द्यायचे आणि सारखं बोलायचे. इथं ताण. तिथं सोड. पुण्याच्या हॉटेलात एका मालकानं रात्रीतून रंग बदलायला लावला होता ती गोष्ट त्यांनी सांगितली. बाईंनी मुख्याध्यापकांचं गणित कसं चुकलं होतं ते सांगितलं. मधे पोहे झाले. दुपारी तीनच्या सुमाराला मी सगळ्यात खालच्या पायरीवर शेवटची चूक ठोकली आणि तिघंही मागे सरून बघत राहिलो. भिंतीशी वळून उतरणारा तो मरून पट्टा कुठंही फुगला नव्हता, कुठंही वाकडा गेला नव्हता.

अब्बा जिना चढले, उतरले. जोरात पाय आपटून पुन्हा चढले. उतरताना गुणगुणत होते.

बाई म्हणाल्या, "उद्या अकराला दोघंही या. चहाला."

शुक्रवारी आम्ही गेलो तर दारात झेंडूचं तोरण. आत जिन्याच्या तळाशी खुर्चीवर चित्रकलेचे मगदूम सर बसलेले. पांढराशुभ्र सदरा, खिशात गुलाबाचं फूल. शाळेत मला आवडणारा एकच तास, तो त्यांचा. एसटीच्या अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि त्यांनी नोकरी सोडली, एवढं मला माहीत होतं. शेजारी त्यांचा पुतण्या आणि शाळेचे जुने शिपाई, कांबळे मामा. वर कुणी तरी टेबल सरकवत होतं.

"ये, जुबेदा," सर म्हणाले. "तुझाच जिना ना हा? गेली नऊ वर्षं मी या खुर्चीपर्यंतच येतोय. रोज संध्याकाळी. ही वरून उतरते, इथं पायरीवर बसते, आम्ही चहा पितो, आठ वाजले की मी घरी. वर कसं घर आहे ते मी बघितलेलंच नाही."

मी सरांकडे बघत राहिले. मग तोरणाकडे.

"तिला विचारलं तेव्हा तिनं एकच अट घातली," सर सांगत होते. "म्हणाली, लग्न माझ्या घरात होईल आणि तुम्ही स्वतःच्या पायांनी वर याल. कुणी उचलून आणायचं नाही."

वरून बाईंचा आवाज आला. "अकरा वाजले! रजिस्ट्रार ऑफिसचे साहेब येऊन बसलेत!"

सर उठले. एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर. पुतण्या धावला, त्याला त्यांनी नको म्हटलं. पहिली पायरी. काठी टेकली, गालिच्यात जराशी रुतली आणि तिथंच थांबली. घसरली नाही. दुसरी. तिसरी. अब्बांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. दहाव्या पायरीवर सर दम घ्यायला थांबले. वळणापाशी आले तेव्हा मी खालून ओरडले, "सर, बाहेरच्या बाजूनं! तिकडं पाय पुरा बसतो!"

त्यांनी काठी बाहेरच्या कडेला टेकली. चौदा. पंधरा. त्या पायरीवर लाकडी पाय ठेवताना ते डुलले, आणि मग पाय बसला. सोळा.

दारात बाई उभ्या होत्या, मोतिया रंगाची साडी, केसांत अबोली. त्यांनी दोन्ही हात चौकटीला लावून वाट अडवली.

"नाव घेतल्याशिवाय आत येता येणार नाही."

"अगं, नाव बायका घेतात!"

"माझ्या घरी येताय तुम्ही. तुम्हीच घ्यायचं."

सरांनी डोकं खाजवलं. धाप लागलेलीच होती. मग एका दमात म्हणाले,

"एक पाय हाडाचा, एक पाय लाकडी,
इंदुमतीच्या घरी आलो, वाट होती वाकडी!"

कांबळे मामांनी अशी शिट्टी मारली की खालून कुत्रं भुंकायला लागलं. बाईंनी हात काढले. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

आत टेबलावर मोठी वही उघडून साहेब बसले होते. त्यांनी दोघांकडून वाचून घेतलं, सह्या घेतल्या. "साक्षीदार तीन लागतात," ते म्हणाले. पुतण्यानं सही केली, कांबळे मामांनी केली. तिसरा बाईंचा भाऊ, पुण्याहून येणार होता. तो आला नव्हता. येणार नाही हे बाईंना आदल्या दिवशीच कळलं असावं, कारण त्यांनी दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

"जुबेदा, इकडं ये."

मी पुढे झाले. साहेबांनी माझं नाव विचारलं, वय, पत्ता. मग "व्यवसाय?"

"काही नाही. घरीच असते," मी म्हटलं. तीच सवय होती.

साहेबांचं पेन वहीकडे वळलं तेव्हा अब्बा मागून म्हणाले, "थांबा, साहेब. घरी नसते ती. गालिचे बसवते. जिन्यांचे. तसंच लिहा."

मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते. साहेबांनी लिहिलं, मी सही केली. 'नदाफ'मधला 'फ' रेघेच्या बाहेर गेला.

मग श्रीखंड-पुरी झाली. सर घरभर काठी टेकत फिरत होते, खिडक्या उघडत होते, हे काय, ते काय, विचारत होते, आणि बाई त्यांच्या मागून चालत उत्तरं देत होत्या.

साहेब जायला निघाले. जिन्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी बुटाच्या टाचेनं गालिचा दाबून बघितला. वाकून वळणावरच्या घड्या बघितल्या. मग आमच्याकडे आले.

"आमच्या मेहुण्यांनी सांगलीत विश्रामबागेत बंगला बांधलाय. बावीस पायऱ्या आहेत, दोन वळणं. फुटाला काय घेता?"

त्यांनी विचारलं अब्बांकडे बघून. मीही अब्बांकडे बघितलं. अब्बा श्रीखंडाची वाटी बोटानं पुसत होते आणि खिडकीबाहेर काही तरी फार महत्त्वाचं चाललं असल्यासारखे तिकडे बघत होते.

साहेब माझ्याकडे वळले.

"एकशे वीस," मी म्हटलं. "फेल्ट आणि बसवणं त्यातच. भाव एकच आहे. आणि माप मी स्वतः येऊन घेईन."